फुफूचा कौल

ज्याच्याबद्दल संशय आला असेल, त्याला फुफू कधीच काही विचारत नसे. ती इतर तिघांना विचारायची. तिन्ही उत्तरं जुळली की तिचा विश्वास बसायचा, आणि तोही दोन-चार दिवसांपुरता. दुधात पाणी असतं का, हे ती दूधवाल्याला नाही, त्याच्या सासूला विचारून आली होती. पुढे मी वर्तमानपत्रात उमेदवारी करू लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हाच नियम शिकवण्यात आला. मला तो नवा नव्हता.

फुफू म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आपा म्हणत, बाकी सगळी गल्ली फुफू. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत ही दोघं भावंडं गुलबर्ग्याकडच्या एका गावातून एक ट्रंक घेऊन सोलापुरात आली. बेगम पेठेतल्या जुन्या मुसलमान घरांच्या लेखी आम्ही ‘मोगलाईवाले’ होतो. शेजार चालायचा, सोयरिकीची गोष्ट निघाली की ‘यांचं मागचं कुणाला ठाऊक’ असं म्हटलं जाई. फुफूचा नवरा त्याच दिवसांत एका सकाळी घराबाहेर पडला आणि परतला नाही. पकडायला आलेल्यांना त्याच्याकडे बोट दाखवणारा माणूस रोज घरी चहाला येणारा होता. हे फुफूने कधी सांगितलं नाही. आईने सांगितलं.

वडील गिरणीत कारकून होते. पाच वेळची नमाज, सुट्टीत धर्मप्रचाराच्या जमातीबरोबर गावोगाव. घरात रेडिओ नव्हता, भिंतीवर चित्र नव्हतं. बाहेरून आलेल्याने नियम जास्त काटेकोर पाळायचे असतात, असं त्यांचं मत होतं. “अपने पे नजर है लोगां की,” हे वाक्य मी लहानपणी अजानइतक्याच वेळा ऐकलं असेल. फुफू त्यावर म्हणायची, “लोगां पे किसकी है?” आणि बुरखा अडकवून चौकशीला निघायची.

लग्न ठरवण्याआधी आमच्यात इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढायची, दुवा मागायची आणि कुणाशी न बोलता झोपायचं. स्वप्नात पांढरं किंवा हिरवं दिसलं तर होकार, काळं किंवा लाल दिसलं तर नकार. खरं तर ज्याचं काम त्यानेच इस्तिखारा करावा, असं मशिदीचे इमामसाहेब दर वेळी सांगत. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीचं स्थळ आलं तेव्हा त्यांचा निरोप फुफूकडेच आला. पाच-सहा गल्ल्यांतली लग्नं फुफूच्या कौलासाठी थांबलेली असत.

एक गोष्ट मी फार लवकर टिपली होती. स्वप्नाच्या आधी फुफू परटाकडे जायची. मुलाचे कपडे कोणत्या परटाकडे जातात हे शोधून काढायची आणि तिथे तासभर बसायची. “धोबी से कुछ नै छुपता,” ती म्हणे. “दारू, बीमारी, सब कपड्यां में आता.” मग त्याच्या घरासमोरचं हॉटेल, मग त्याची जुनी शाळा. एका मुलाच्या बाबतीत तिला काळं दिसलं आणि तीन महिन्यांनी त्याचा लातूरला आधीच थाटलेला संसार निघाला. गल्लीने याला फुफूची करामत म्हटलं. त्याच्या सदऱ्यावरची शिलाई घरच्या बायकांची नाही, दुसऱ्याच बाईच्या हातची आहे, हे परटाने आधीच ओळखलं होतं, हे गल्लीला माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीत रशीद नावाचा शिंपी होता. चाळिशी उलटली तरी लग्न नाही, बोलणं मऊ, आणि त्याच्याकडे राहायला येणारा एक मित्र. एका रमजानात कुणीतरी काहीतरी पाहिलं, असं बोललं जाऊ लागलं. काय पाहिलं ते कुणी सांगत नव्हतं, पण पोरं त्याच्या दुकानासमोरून जाताना टाळ्या वाजवू लागली. वडिलांनी आमचे ईदचे कपडे त्याच्याकडून परत आणले, अर्धे बेतलेले. फुफूने मात्र तिचा कुर्ता तिथेच ठेवला. वडील चिडले तेव्हा एवढंच म्हणाली, “टाका मजबूत है उसका.” बकरी ईदच्या आधी रशीद दुकान बंद करून गेला. कुठे गेला, कुणाला माहीत नाही.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. रशीदबद्दल जे बोललं जात होतं ते माझ्याबद्दलही बोलता येईल, हे मला कळलेलं होतं. मुलींकडे बघून माझ्या वर्गातल्या मुलांना जे वाटत होतं ते मला वाटत नव्हतं; त्या मुलांपैकी एकाकडे बघून वाटत होतं. त्याला आमच्या घरात शब्द नव्हता, शिक्षा होती. त्या दिवसापासून मी फुफूपासून चार हात लांब राहू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं की मी आधी आपल्या हातांकडे बघायचो, मग चालण्याकडे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बी. ए. होऊन एका दैनिकात मुद्रितं तपासत होतो. संध्याकाळी भवानी पेठेत व्यंकटकडे जायचो. व्यंकट कॉलेजातला मित्र, तेलुगू विणकराच्या घरातला. घराच्या खालच्या मजल्यावर चादरींचे चार यंत्रमाग. माग चालू असले की समोरच्याचं काहीही ऐकू येत नाही. कानाला तोंड लावून बोलावं लागतं. विणकरांच्या घरात त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सगळेच तसे बोलतात. सोलापुरात आम्हाला एकमेकांच्या इतकं जवळ उभं राहता येईल अशी ती एकच जागा होती, आणि तीही सर्वांच्या देखत. “घरी काय सांगतो बे?” व्यंकट कानात विचारायचा. “चादरींचा अभ्यास करतोय,” मी सांगायचो.

त्याच वर्षी माझं लग्न निघालं. मुलगी वैरागची, नाव नसीम, वडिलांचं बांगड्यांचं दुकान, स्वतः डी. एड. झालेली. मोगलाईवाल्यांच्या घरात जुन्या इकडच्या घराण्यातली मुलगी येणार म्हणून वडील हरखले होते. मुलगी फुफूच्या ओळखीची होती आणि तिच्याविषयी फुफूला तीन ठिकाणी तीन चांगली उत्तरं मिळाली होती. हे तिच्या आयुष्यात क्वचित घडलं असेल. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. जे होतं ते सांगता येत नव्हतं. दोन्ही घरांनी इस्तिखारा फुफूवर सोपवला.

म्हणजे आता माझी चौकशी होणार होती. मी तिच्या मागावर राहिलो. ती गल्लीच्या तोंडाशी मारुती परटाकडे जाऊन आली, त्याच दुपारी मीही गेलो.

“फुफूनं काय विचारलं रे?”

“काय इचारनार? पोरगं कुटं जातंय, म्हनली.”

“तू काय सांगितलंस?”

“हाय ते सांगितलं की. भवानी पेठेत जातंय मैतराकडं, सदऱ्याला रोज कापूस असतोय.” मारुतीने इस्त्री उचलली. “तुमी कशाला घाबरताव? चांगलंच सांगितलं म्या. दारू न्हाय, बिडी न्हाय. आसं पोरगं लई कमी.”

“मग ती काय म्हणाली?”

“काय न्हाय. अच्छा म्हनली अन् गेली.”

तीन दिवसांनी ती भवानी पेठेत आली. मी आणि व्यंकट मागांमध्ये उभे होतो. त्याच्या आईवडिलांनी हैदराबादकडची एक मुलगी पाहून ठेवली होती आणि मी त्याच्या कानात त्याविषयीच बोलत होतो. मध्येच वीज गेली. चारही माग एका क्षणात थांबले आणि माझं उरलेलं वाक्य त्या शांततेत मोठ्याने बाहेर पडलं: “तू लग्न केलंस तर मी कुणासाठी राहू इथं?” माझा हात त्याच्या खांद्यावर होता. दारात फुफू उभी होती, शेजारी व्यंकटची आई.

व्यंकटच्या आईला मराठी जेमतेम कळायचं. फुफूला चांगलं कळायचं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. व्यंकटच्या आईला म्हणाली, “चादर दिखाव. लाल नक्को.” चार चादरी उलगडून, दोन्ही बाजू चाचपून, एक घेतली. परतताना विजापूर वेशीपर्यंत मी तिच्या मागे दहा पावलांवर चालत होतो. आमच्या दारात बुरख्याची जाळी वर करून म्हणाली, “बिजली बहुत जाती उधर.” आणि आत गेली.

पुढचे चार दिवस मी प्रत्येक आवाजाचा अर्थ लावत होतो. वडील खोकले तरी वाटे, सांगितलं. आई चहाचा कप जरा जोरात ठेवी, वाटे, सांगितलं. फुफू नेहमीसारखी तांदूळ निवडत होती. एवढं तिच्या हातात असताना ती गप्प आहे, याचाच मला सर्वांत जास्त संशय येत होता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर वडिलांनी विचारलं. आई दारात होती, मी भिंतीला टेकून.

“काला आया,” फुफू म्हणाली.

वडिलांचा विश्वास बसेना. “दुबारा देखो, आपा.”

“तीन बार देखी.”

“खोट किसमें है? लडकी में?”

“लडकी सोना है.”

“फिर? इसमें?” वडिलांनी माझ्याकडे हात केला. “क्या सुनी तुम बाहर? बोलो. किसपे आया काला?”

फुफूने तांदळाचं ताट खाली ठेवलं. “उंगली मैं नै दिखाती, बशीर. किसी पे नै.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग टोपी उचलून बाहेर गेले.

काळा कौल आला की लोक मुलीत खोट शोधतात. वैरागच्या बाजारात ते बोलणं आठ दिवसांत पोचलं असतं. फुफूने तेवढा वेळ जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी वैरागला गेली. तिथे ती काय बोलली ते नसीमच्या वडिलांनी पत्रातून कळवलं. वडिलांनी ते वाचून माझ्यापुढे टाकलं. फुफूने मुलीच्या आईला सांगितलं होतं की, मुलीत दोष नाही, मुलात नाही, माझ्यात आहे. मी शक्की बाई आहे. तुमची मुलगी घरात आली तर मी तिची ट्रंक उघडीन, पत्रं वाचीन, शेजारणीला विचारीन, परटाला विचारीन. मी आहे तोवर त्या घरात तुमच्या मुलीला सुख नाही. सगळ्या सोलापूरला विचारा.

विचारायची गरज नव्हती. सर्वांना ते लगेच पटलं. म्हातारीनं स्वतःच्या भाच्याचं लग्न मोडलं, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं, आणि आजवर ज्यांना तिच्याकडून नकार मिळाला होता त्या सगळ्यांना आपापलं काळं स्वप्न आठवलं. इस्तिखाऱ्याचे निरोप येईनासे झाले. इमामसाहेबांनी एका शुक्रवारी ज्याचा इस्तिखारा त्याने करावा यावर प्रवचन दिलं. वडील तिच्या हातचं जेवत, पण तिच्याशी बोलत नसत. नसीमचं लग्न वर्षाच्या आत बार्शीच्या एका शिक्षकाशी झालं.

व्यंकटचंही झालं, पुढच्या मे महिन्यात. मी जाणार नव्हतो. पत्रिका कोनाड्यात होती. फुफूने ती काढून माझ्या हातात दिली. “जाना. सामने की पंगत में बैठ के खाना. पीछे बैठनेवालों कू लोगां देखते.” मी गेलो. पहिल्या पंगतीत बसलो. काय वाढलं होतं ते आठवत नाही.

त्या पावसाळ्यानंतर मला पुण्याच्या एका दैनिकात जागा मिळाली. सोडायला एसटी स्टँडवर फुफू आली. गाडीवर पुण्याची पाटी होती, तरी तिने ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला विचारलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मोडनिंबच्या माणसालाही. मग खिडकीखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं, पुन्हा संधी मिळणार नाही.

“फुफू, काला सच में आया था?”

तिने इकडेतिकडे पाहिलं.

“ख्वाब कू नींद होना पडती रे,” ती म्हणाली. “तीन रात बैठीच थी मैं.”

ती माझ्यासाठी बसली होती की नसीमसाठी, हे विचारायच्या आत कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. तिने तो धरला नाही. आत ढकलला.

“हात अंदर रख,” ती म्हणाली. “सामने से गाड्यां आते.”