सिंहगडाचा धूर

सिंहगड मी एकदाच चढलोय, तोही निम्माच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला चारच महिने झालेले. अधिक महिना आला आणि पुण्याच्या सासऱ्यांनी धोंड्याच्या जेवणाला आम्हाला बोलावलं. मला, हिला आणि आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना. नव्या जावयाने लाजायचं नसतं, म्हणून मी पुरणाचे अकरा धोंडे चेपले.

"आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो. उद्या जमेल का, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"न जमायला काय झालं! आमच्या सात पिढ्या सुप्याच्या माळावर मेंढरांमागं हिंडल्या!" (आठवी पिढी खुर्चीत बसून शिक्के मारते, हे सांगायची गरज नव्हती.)

पायथ्याशी सासरे म्हणाले, "हा सगळा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बरं का, तात्या."

"म्हंजी हितनं जाळ निगायचा?"

"कधीकाळी!" म्हणत सासरे आणि आमची ही तुरुतुरु पुढे गेलेसुद्धा.

निम्म्या चढावर मी दगडावर फतकल मारली. अकराही धोंडे पोटात भांडत होते. परत फिरावं तर सासऱ्यांसमोर नाक कापलं जाणार! एवढ्यात दरीतून धुकं वर आलं. पायाखालून येणारा ढग तात्यांनी जन्मात पाहिला नव्हता. (आमच्या कन्हेरी गावात डोक्यावरच्या ढगाचीच मारामार!)

"आरं, धूर निगतुया! डोंगर पेटला का काय?"

मला देवच पावला. "व्हय तात्या, लई धोका हाय. चला खाली!"

"आन् सूनबाई, व्याही वर हायती त्यांचं काय? कळप टाकून पळतो व्हय रं? चल वर!"

"मला चालवत न्हाय, तात्या."

मग काय! दमलेलं कोकरू मेंढपाळ उचलतो तसं त्यांनी मला, पंच्याऐंशी किलोच्या कोकराला, मानेवर टाकलं, हातपाय छातीशी धरले आणि वर धूम ठोकली.

"तात्या, धुकं हाय ते! मी खोटं बोललो!"

"भ्यालंय लेकरू! वाट द्या!" तात्या लोकांना सांगत होते. कॉलेजच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

दरवाज्याशी सासरे ताक पीत उभे होते. तात्यांनी मला त्यांच्या पुढ्यात उतरवलं. "व्याही, पळा! डोंगर पेटलाय, जावईच म्हनला तुमचा!"

सासऱ्यांनी धुक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला. हिने पदर तोंडात कोंबला. लाज अशी वाटली की डोंगर खरंच पेटला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी गावातल्या किराणा दुकानात सासऱ्यांचा फोन आला. मी चपला न घालता धावलो.

"जावईबापू, उद्या गडावर चाललोय. तात्यांना पाठवा."

"आणि मी?"

"नको हो. त्यांना एकदा मोकळ्या अंगाने चढू द्या!"