देवराव प्रॉम्प्टर आणि धंतोलीतलं पाकीट

रंगमंचावर मी बावीस वर्षं काम केलं. त्यांतली चौदा वर्षं मी देवरावांच्या ओठांकडे पाहून बोलले. हे मी पूर्वी कधी कबूल केलं नाही. टाळ्या मला मिळायच्या, हार माझ्या गळ्यात पडायचे आणि विंगेतल्या स्टुलावरचा तो किडकिडीत माणूस वही मिटून चहा शोधायला निघून जायचा.

देवराव आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की विंगेतून त्याला पुढचं वाक्य पुरवणारा माणूस. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे ब्रह्मपुरी, वडसा, साकोलीच्या बाजूला, गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आमचे प्रयोग लागायचे. आज एक नाटक, उद्या दुसरं. दोन तालमी झाल्या तरी खूप झालं म्हणायचं. तिथे नाटक पाठांतरावर चालत नसे, प्रॉम्प्टरवर चालायचं. बाकीच्या प्रॉम्प्टरांची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायची आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडायचा, "अबे, त्यालेच आन ना बाहेर!" देवरावांचा आवाज मात्र कधीच कोणी ऐकला नाही, कारण ते आवाज काढतच नसत. एरवी ते नागपुरातल्या एका मिलमध्ये लूम खात्यात विणकर होते. आमच्यासाठी बिनपगारी रजा काढून यायचे. शेकडो मागांच्या खडखडाटात तिथे बोललेलं ऐकू येत नाही. माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. देवरावांनी ती विद्या विंगेत आणली आणि आम्हा सगळ्यांना शिकवली.

एकदा ब्रह्मपुरीला प्रयोगाच्या दिवशीच माझी आई गेल्याची तार आली. तिकिटं विकली गेली होती. मी तोंडाला रंग लावला, उभी राहिले आणि डोक्यात एक अक्षर नाही! तीन अंक, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, देवरावांनी मला दिले. लोक हुंदके देऊन रडले. पडदा पडल्यावर मी म्हटलं, "देवराव, आज काम तुम्ही केलं. मी नुसती उभी होते."

ते म्हणाले, "कोनीच आपल्या बळावर उभं नसते, बाई. मांगं कोनी तरी असतेच. दिसत नाई, एवढंच."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढे दोन-तीन सत्कारांत मी ते वापरलं. त्याच वाक्यानं देवरावांच्या घरात काय केलं ते आज लिहायला बसले आहे.

गोळीबार चौकाच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यातली एक खोली बायकोच्या, इंदूबाईंच्या, हातमागानं भरलेली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून इंदूबाई लुगडी विणायच्या. त्याच खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर पाय सोडून त्यांची मुलगी पुष्पलता अभ्यास करायची. ट्यूशन नाही, टेबल नाही. इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर पोरगी रसायनशास्त्राची सूत्रं घोकायची. तिचं पाठांतर पाहून मला लाज वाटायची.

१९८१ साली ती बारावी झाली. मेडिकलला प्रवेश तेव्हा तीन विषयांच्या मार्कांवर मिळायचा आणि कॉलेजच्या फलकावर लिस्ट लागायची. पुष्पलताला तीनशेपैकी दोनशे त्र्याहत्तर मिळाले. मी पेढे घेऊन गेले, तर देवराव चिंतेत.

"बाई, डाक्टरकी अशी नुसती मार्कावर भेटते काय? मिलमंधी सारे म्हनून राहिले, मांगं मानूस पाहिजे."

आणि तो माणूस मी सुचवला.

धंतोलीत एका दवाखान्याच्या वर 'प्रवेश मार्गदर्शन' अशी पाटी होती. चालवणाऱ्याला सगळे भैय्याजी म्हणत. फी दोन हजार. पैसे पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जोडावर आपली सही करायची. भैय्याजी ते आपल्यासमोर लोखंडी कपाटात ठेवणार. लिस्टमध्ये नाव आलं तर पाकीट त्यांचं. नाही आलं तर जसंच्या तसं परत. आदल्या वर्षी माझ्या बहिणीनं मुलासाठी असं पाकीट ठेवलं होतं. पोराचं नाव लागलं नाही आणि भैय्याजींनी खरोखर पाकीट परत दिलं. जोडावरची सही अखंड, आत नोटाही त्याच.

"असा इमानदार माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा दाखवा," मी हात उंचावून म्हटलं. हात उंचावायची सवय काही जात नाही.

पुष्पलतानं वही आणली. "मावशी, मांगच्या तीन वर्सांच्या लिस्टा मी उतरवून आनल्या. शेवटचं नाव एकदाबी दोनशे एकसष्टच्या वर गेलं नाई. मग भैय्याजी माह्यासाठी करतील काय?"

"औंदा वाढले तं?" देवराव.

"एकदम बारा मार्कांनं?"

"ते लिस्टले ठाऊक. लिस्ट कोन लावते? मानूसच लावते ना!"

इंदूबाई मागावरूनच म्हणाल्या, "अवो, पोरगी सांगून राहिली तं आयका ना तिचं. आजवर खोटं बोलली काय ते?"

"तू चूप राय वं. नाव नाई लागलं तं पैसे वापस, लागलं तं पोरगी डाक्टर. यात आपलं जाते काय?"

"खरंच, इंदूबाई," मी म्हटलं, "यात धोका आहे कुठे?"

इंदूबाईंनी धोटा थांबवला. "जाते काय म्हन्ता? माग जाते."

खरंच होतं. त्या घरात दोन हजारांची दुसरी वस्तू नव्हती. पुढच्या आठवड्यात चार माणसं आली आणि त्यांनी माग खोलून नेला. खड्डा मुरूम टाकून बुजवला. इंदूबाई त्या दिवशी उगाच शेजारी जाऊन बसल्या होत्या. पुष्पलता भिंतीला टेकून उभी होती. तिला पाय सोडून बसायला जागा उरली नव्हती.

जुलैत लिस्ट लागली. पुष्पलता अठ्ठेचाळिसावी. शेवटचं नाव दोनशे एकोणसाठला थांबलं होतं.

देवराव, पुष्पलता आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन धंतोलीत गेलो. जिन्यावर डॉक्टरांच्या पाट्या होत्या. देवराव प्रत्येक पाटीशी थांबून नाव मोठ्यानं वाचत होते, जणू एक पाटी कमी आहे आणि ती आता लागायचीच आहे.

भैय्याजी सफारीत, तोंडात पान. "आइए, आइए! बसा. कोणाचं काम होतं?"

"जी, पुष्पलता. माही पोरगी."

"इंजिनिअरिंग ना?"

"मेडिकल, जी."

"हां, हां, मेडिकल." त्यांनी रजिस्टर उघडलं. बोट खाली खाली गेलं, थांबलं. मग कपाट उघडून त्यांनी गठ्ठ्यातून आमचं पाकीट शोधून काढलं. जोडावर देवरावांची सही होती, शाळकरी मुलासारखी, एकेक अक्षर जपून काढलेलं. कुठेही तुटलेली नव्हती. भैय्याजींनी आमच्यासमोर ते फाडलं, नोटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "झालं ना काम? मी तर बोललोच होतो."

पुष्पलतानं फाटलेल्या पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काय दिसलं ते मलाही त्याच क्षणी दिसलं. पाकीट आज उघडलं होतं. लिस्ट लागून चार दिवस झाले होते.

"पाया पड वं," देवराव म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर तळहात ठेवला, आशीर्वादाला ठेवतात तसा, आणि हळूच खाली दाबला. ती वाकली.

जिन्यात ती थांबली. "बाबा, पाकीट आज फाडलं त्यानं. मग आजवर माह्यासाठी कोनाले काय देलं? काय केलं? माहं नावबी त्याले ठाऊक नव्हतं!"

"हळू बोल वं. मोठ्या मानसाईचं काम असंच असते. प्रॉम्प्टर दिसत नाई, म्हून काय तो नसते?"

"मले पाठ होतं, बाबा!"

इतक्या जोरात, की खालचा कंपाउंडर बाहेर डोकावला. देवरावांनी त्याला हसून पेढा दिला. "पोरगी डाक्टर होऊन राहिली, जी. भैय्याजीची कृपा."

त्या जिन्यात मी बोलायला हवं होतं. बहिणीच्या पाकिटावरची ती अखंड सही मी इमानदारी म्हणून गावभर मिरवली होती. आता सगळं लख्ख दिसत होतं. ज्यांची नावं आपोआप लागणार, त्यांची पाकिटं ठेवून घ्यायची. ज्यांची लागणार नाहीत, त्यांची परत करायची. काम कोणाचंच करायचं नाही. पहिले कृपेसाठी पाया पडणार, दुसरे इमानदारीचे गुण गाणार. आदल्या वर्षी बहिणीचे पैसे बुडाले नव्हते, उलट परत मिळाले होते, म्हणून मी दुसऱ्यांना फसवायला जास्त लायक ठरले. जिना उतरताना मी मनाशी म्हटलं, माग तर परत येत नाही, निदान या माणसाचं समाधान तरी राहू दे. मी माझ्या भित्रेपणाला दया असं नाव दिलं.

देवरावांनी ते समाधान घरात ठेवलं नाही. मिलमध्ये, मोहल्ल्यात, कंपनीच्या गाडीत, सगळीकडे तेच. "पोरीचे मार्क बरे होते, पन करून देलं भैय्याजीनं." लोक चौकशीला येऊ लागले. देवराव रविवारी स्वच्छ सदरा घालून त्यांना धंतोलीत घेऊन जायचे. स्वतः पैसा घ्यायचे नाहीत. चहासुद्धा नाही.

ती गोष्ट कॉलेजात पोचायला वर्षही लागलं नाही. मोहल्ल्यातल्याच कोणीतरी नेली. पुष्पलताला मुली 'पाकीटवाली' म्हणू लागल्या. ती शरीररचनाशास्त्रात पहिली आली तेव्हा एकीनं विचारलं, "याचंबी पाकीट होतं काय वं?" ती माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "मावशी, जगाचं जाऊ द्या. बाबाले एकदा वाटलं पाहिजे, का हे माहं आहे. ते तुमचं आयकतात. तुमी सांगा."

मी वचन दिलं आणि गेले. देवरावांनी चहा केला. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तेच सांगू लागले. "बाई, काल भैय्याजीनं मले खुर्ची देली. सोता उठून. मी मिलचा मानूस. धंतोलीत आजवर मले कोनी खुर्ची देली नव्हती." मी चहा पिऊन परत आले. त्यानंतर पुष्पलतानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

१९८७ साली ती डॉक्टर झाली. मोहल्ल्यानं सत्कार ठेवला. मंडप, लाउडस्पीकर, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे भैय्याजी. भाषण देवरावांनी वहीत लिहून काढलं होतं आणि ते मंचाच्या बाजूला, पडद्याच्या कडेला, स्टूल टाकून बसले होते. मंचावरची खुर्ची त्यांनी नाकारली. "माही जागा इथंच," म्हणाले. मी आणि इंदूबाई पहिल्या रांगेत होतो.

पुष्पलता बोलायला उभी राहिली. मोहल्ल्याचे आभार मानले, शाळेचे मानले. मग थांबली. देवरावांचे ओठ हलले. ते ओठ मी चौदा वर्षं वाचले होते. 'आज मी जी काही आहे, ती आदरणीय भैय्याजींच्या कृपेनं.' तिनं पाहिलं. तिलाही ते ओठ वाचता येत होते. लहानपणापासून येत होते. देवरावांनी पुन्हा वाक्य दिलं. तिसऱ्यांदा दिलं, अक्षरं फोडून फोडून, मान पुढे काढून, चेहऱ्यावर ती जुनी काळजी, समोरचा नट बुडतो आहे आणि आपल्याला त्याला काढायचं आहे अशी. माइकमध्ये तिचा श्वास ऐकू आला.

मग ती म्हणाली, "माझी आई समोर बसली आहे. सहा वर्षांपूर्वी तिचा माग विकला. तो विकायला नको होता."

आणि ती बसली.

लोकांना काही कळलं नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. भैय्याजी सर्वांत जोरात वाजवत होते. इंदूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

मी मंडपाच्या मागे गेले. देवराव वही हातात घेऊन उभे होते, घामानं निथळत. चौदा वर्षांत त्यांच्या हाताखाली कोणाचं एक वाक्य पडलं नव्हतं.

"वाक्य विसरली पोरगी, बाई," ते म्हणाले. "मी देऊन राहिलो होतो. तीनदा देलं. तिनं घेतलंच नाई."

हीच वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं, देवराव, ती विसरली नाही. तिला कधीच तुमची गरज नव्हती, भैय्याजीची तर नव्हतीच. माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण त्यांचा तो चेहरा मी पाहिला आणि ज्या माणसानं मला तीन अंक उभं ठेवलं होतं, त्याला मी उभं ठेवायला गेले.

"दिवे डोळ्यांवर येतात, देवराव," मी म्हटलं. "नव्या माणसाचं होतं असं."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "तेच म्हनतो मी."

पडदा हलला म्हणून मी वळून पाहिलं. पुष्पलता पलीकडे उभी होती, हातात श्रीफळ. किती वेळ उभी होती, मला माहीत नाही. तिनं श्रीफळ वडिलांच्या स्टुलावर ठेवलं, त्यावर घडी घालून शाल ठेवली आणि आईचा हात धरून ती निघाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. त्यानंतर कधीच पाहिलं नाही.