रंगवलेला कोनाडा

शेजारच्या खोलीतले भाऊ गोरेगावला स्टुडिओत सेट रंगवतात. प्लायवूडचा दगड करतात. त्यामुळे कुठेही टेकायच्या आधी भिंतीवर बोटाने टकटक करून बघतात, चाळीतल्या भिंतीवरसुद्धा. मला त्याचं हसू यायचं, पण मी कुणाशी फार बोलत नाही.

गणपतीआधी त्यांनी उरलेल्या रंगातून आमच्या दारांमधल्या भिंतीवर कोनाडा रंगवला. मी दारात उभी राहून सगळं बघितलं होतं. तरी दुसऱ्या सकाळी कुलूप उघडायला हात मोकळा हवा म्हणून दुधाची पिशवी त्या कोनाड्यात ठेवली. पिशवी फुटली आणि दूध त्यांच्या चपलांपर्यंत गेलं. आता सगळी चाळ हसणार, असं वाटलं.

भाऊ हसले नाहीत. फडकं घेऊन आले. "वहिनी, डोळे चांगले आहेत तुमचे. सावली दिसली की मनच ठरवतं, भिंत इथे आत गेलीय. माझंपण होतं."

"तुम्हीच रंगवलाय ना?"

"म्हणून तर टकटक करतो."

संध्याकाळी कोनाड्याखाली खरी फळी ठोकलेली होती. कुणी बघत नाही असं बघून मी तिच्यावर हळूच टकटक केलं. त्यांच्या दाराआडून हसण्याचा आवाज आला. मग मलाही हसू आवरेना.