सातवी टेप

आमच्या मोलोत, म्हणजे फिलिपाइन्सच्या इलोईलो शहरातल्या आमच्या भागात, माणसाला नावानं हाक मारत नाहीत, हुद्द्यानं मारतात. वकील, डॉक्टर, कॅप्टन. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं म्हणून घरचे आणि अगदी जवळचे सोडून मला सगळे मॅडम म्हणतात, मासळीवालीसुद्धा. माझा चुलतभाऊ क्रिसांतो मागबानुआ, घरात सान्तो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसला, दोन्ही वेळा आपटला, आणि घरी येऊन त्यानं दारावर पाटी लावली : 'इंजिनियर सी. मागबानुआ'. पाटी रंगवणाऱ्यानं पदवी विचारली नाही आणि यानं दाखवली नाही. महिन्याभरात सगळी गल्ली त्याला इंजिनियर म्हणायला लागली. मीही म्हणत होते, कारण घरातला माणूस. तो मला मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा.

त्याच्याकडे दुरुस्तीला गेलेली इस्त्री परत आली की तापायची नाही, आणि पंखा परत आला की उलटा फिरायचा. विचारलं तर म्हणायचा, "मनांग पुरिंग, दोष वस्तूचा नाही, विजेचा आहे. आपल्याकडची वीजच अडाणी." शर्टाच्या खिशाला तीन पेनं आणि एक टेस्टर. टेस्टरमधला दिवा गेलेला होता, पण खिशाला तो शोभून दिसायचा. दुसरा नाद गाण्याचा. दर वर्षी फेब्रुवारीत गावच्या संताच्या जत्रेत गाण्याची स्पर्धा असते, तिथे हा दर वर्षी उभा राहायचा आणि दर वर्षी परीक्षकांना संगीत कळत नाही असं सांगत घरी यायचा.

मग गल्लीत टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेमचे कन्सोल आले. इलोईलोत घरटी एक तरी माणूस जहाजावर असतो, आणि सुट्टीवर येताना मुलांसाठी काहीतरी घेऊन येतो. मुलं मोठी झाली, नवे कन्सोल आले, जुने कपाटावर धूळ खात पडले. क्रिसांतोला कुठूनसं कळलं की या जुन्या काळ्या पेटीला थोडं फसवलं तर ती खेळ सोडून सिनेमे, गाणी, फोटो, सगळं टीव्हीवर दाखवते. कंपनीनं तिला शिकवलेलं असतं की आमच्या खेळाशिवाय काही चालवायचं नाही. पण मेमरी कार्डातून एक खोटा खेळ आत सोडला की तिचा पहारा उठतो. मग आत मोठी हार्ड डिस्क बसवायची आणि हवं ते भरायचं. ही अक्कल त्याची नव्हती. इंटरनेट कॅफेतून त्यानं चौदा कागद छापून आणले होते आणि त्यांवर बोट ठेवून एकेक ओळ तो करत गेला. तिसऱ्या दिवशी पेटी चालली. खोटं कशाला सांगू, छान चालली. रिमोटचं बटण दाबलं की घरात सिनेमागृह.

तेवढ्यावर माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. पाटीवर त्यानं एक ओळ वाढवली : 'होम थिएटर तज्ज्ञ'. मी त्याच्याकडे बसून कोरियातल्या मालिका बघायची, एकामागून एक, मध्ये जाहिराती नाहीत. याची मला आता लाज वाटते, कारण त्या मालिकांच्या लोभापायी मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पुढचं सगळं झालं.

आमच्या समोर मनांग फेलिसिंग राहते. तिचा नवरा पोर्फिरियो, आम्ही त्याला पोरोंग म्हणायचो, मालवाहू जहाजावर इंजिन-रूममध्ये होता. त्या काळी फोन परवडत नसे, आणि पोरोंगला लिहिण्याचा कंटाळा. म्हणून तो कॅसेटवर बोलून पाठवायचा. जहाजावरचे बरेच जण तसंच करत. एक्क्याण्णव साली त्याचं जहाज बुडालं. प्रेतही मिळालं नाही. थडगं नाही, मेणबत्ती लावायला जागा नाही. राहिल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात टेपा.

दर ऑक्टोबरात त्याच्या पुण्यतिथीला फेलिसिंग सगळ्या गल्लीला जेवायला बोलवायची. आधी प्रार्थना, मग पान्सितच्या शेवया आणि भात, आणि जेवता जेवता एक टेप. पोरोंगची बोलण्याची एक तऱ्हा होती. तो प्रश्न विचारायचा आणि समोर बायको बसलीय असं समजून थोडा वेळ गप्प राहायचा. "डुकरीण व्याली का?" मग शांतता, मागे इंजिनाची घरघर. त्या शांततेत फेलिसिंग उत्तर द्यायची, "व्याली, नऊ झाली." डुकरीण मरून पंधरा वर्षं झाली होती. पण उत्तर दर वर्षी तेच, आणि आम्ही खाली बघत भात चिवडायचो.

मलाच दर वर्षीच्या या ऐकण्याचा कंटाळा आला होता. टेपा खरखरायला लागल्या होत्या. मीच तिला म्हणाले, "मनांग, बुरशी लागली की आवाज जाईल. सान्तोला दे, तो पेटीत भरून देईल."

"तुझ्या सान्तोनं माझी इस्त्री बिघडवली," ती म्हणाली.

"इस्त्री वेगळी, हे वेगळं. मी स्वतः बघितलंय."

तिचा मुलगाही जहाजावर. त्यानं अमेरिकेहून आणलेला कन्सोल कपाटावर होताच. डबा आणि कन्सोल मी माझ्या हातानं क्रिसांतोकडे नेले.

सप्टेंबरात त्यानं आम्हा दोघींना बोलावून दाखवलं. टीव्हीवर पोरोंगचा तरुणपणीचा फोटो, खाली सात ओळी, हवी ती निवडायची, आणि आवाज असा स्वच्छ की तो श्वास घेतो तेही ऐकू आलं. फेलिसिंग उत्तर द्यायचं विसरली. पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत राहिली. मी भावाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला. एवढी मूर्ख मी त्याआधी कधी नव्हते.

पुण्यतिथीच्या दिवशी तो पेटी मिरवत आणल्यासारखी घेऊन आला. इस्त्री केलेला शर्ट, तीन पेनं. प्रार्थना चालू असतानाच तारा जोडायला लागला, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

आता आमच्याकडे ही गोष्ट दूधपित्या पोरालाही कळते : अमेरिकेतून आलेली वस्तू एकशेदहा व्होल्टवर चालते, आणि आपल्या भिंतीत दोनशेवीस असते. मध्ये ट्रान्सफॉर्मर नावाचा लोखंडी ठोकळा लागतो. क्रिसांतोच्या टेबलाखाली तो होता. फेलिसिंगच्या घरी पोरोंगनं स्वतःच्या हातानं जिन्याखाली एक बसवून ठेवला होता, त्याला वेगळा सॉकेट. टीव्ही मात्र होता देव्हाऱ्याजवळ, जिन्यापासून लांब. तार पुरेना. यानं प्लग उचलला आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीकडे वळला.

फेलिसिंग जपमाळ थांबवून म्हणाली, "इंजिनियर, तिथे नको लावू. ते दोनशेवीस आहे. पोरोंगचा सॉकेट जिन्याखाली आहे."

"मनांग, ही साधी पेटी राहिलेली नाही. मी हिच्यात बदल केलेत."

"केले असशील. पण पोरोंग म्हणायचा, अमेरिकेचं काहीही आलं की जिन्याखाली."

क्रिसांतो सगळ्यांकडे बघून हसला. "मनांग, इथे इंजिनियर कोण आहे? तुम्ही की मी?"

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तीस वर्षं फळ्यावर चुकीचं उत्तर दिसलं की खडू हिसकावून घेणारी मी, त्या दिवशी चारचौघांत घरच्या माणसाचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले.

त्यानं प्लग लावला. पेटीतून दाणा फुटावा तसा एक आवाज आला. मग जळक्या रबराचा वास, मग वरच्या फटीतून बारीक धूर, सरळ बाळ येशूच्या मूर्तीपर्यंत. प्रार्थना सांगणारी बाई थांबली नाही. तिला वाटलं उदबत्ती आहे.

"फक्त पॉवरचा भाग गेला," क्रिसांतो म्हणाला. घाम पुसत होता. "डिस्क सुरक्षित आहे. डिस्क दुसऱ्या पेटीत घातली की झालं."

डिस्क दुसऱ्या पेटीत घातली. चालली नाही. कॉम्प्युटरला जोडली. चालली नाही. पंधरा दिवस तो मला टाळत होता. शेवटी मीच त्याच्या खोलीत गेले आणि ते चौदा कागद मागून घेतले. चष्मा लावून वाचले. अकराव्या कागदावर ठळक अक्षरांत होतं : या पेटीची डिस्क त्याच पेटीच्या आतल्या सर्किट-बोर्डाशी एका गुप्त आकड्यानं कुलूपबंद असते. काहीही करण्याआधी तो आकडा उतरवून दुसरीकडे ठेवा. बोर्ड जळला आणि आकडा नसला तर डिस्क कुणालाही उघडत नाही. कागदाच्या त्या भागावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

"हे वाचलं नाहीस?"

"वाचलं. ते भित्र्यांसाठी लिहिलेलं असतं, मनांग."

मी म्हटलं, जाऊ दे. मूळ टेपा आहेत ना. पुन्हा भरता येतील, तुझ्याकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून. डबा दे.

तो खिशातली पेनं सारखी करायला लागला.

"सान्तो, डबा कुठे आहे?"

"पेटीत सगळं आलं होतं. मग रिकाम्या टेपा ठेवून काय करायचं? भंगारवाला आला होता."

रिकाम्या टेपा. त्याला खरंच तसं वाटत होतं. एकदा पेटीत भरलं की टेपेतलं संपलं, भांडं पालथं केल्यासारखं. ज्यांनी याला दोनदा नापास केलं त्या मास्तरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आणि मग त्याच्या थोबाडीत मारली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण माझा हात थांबला नाही.

"सातही?" मी विचारलं.

"सहा. एक चांगली होती, ती ठेवली." त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. "स्पर्धेच्या तयारीला."

स्पर्धेच्या तयारीला. पोरोंगच्या आवाजावर यानं स्वतःची प्रेमगीतं भरली होती. मी टेप वाजवली. एका बाजूला पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा भाऊ. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, माझा भाऊ, एका जागी खोकून पुन्हा पहिल्यापासून माझा भाऊ. मी बंद करणार होते, पण टेप संपेपर्यंत ऐकायचं ठरवलं. एक्केचाळीस मिनिटांनी गाणी संपली, खट्‌ झालं, आणि मागून इंजिनाची घरघर आली. शेवटची चार मिनिटं त्याच्याकडून उरली होती. गाणी संपली म्हणून, दुसरं काही नाही.

ती टेप मी फेलिसिंगला नेऊन दिली आणि सगळं सांगितलं, माझ्या कंटाळ्यासकट. ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी बोलायला हवं होतं. तुम्हाला एकशेदहा-दोनशेवीस येतं." त्या दिवसापासून ती मला मॅडम आणि तुम्ही म्हणते. आधी पुरिंग म्हणायची.

तिच्या मुलानं त्या चार मिनिटांची फोनवर नक्कल करून ठेवलीय. ती ऐकत नाही. म्हणते, एकदा पेटीत घालून बघितलं, पुरे. आणि टेप पुढे पळवूही देत नाही, पळवली तर तुटेल म्हणून. त्यामुळे दर ऑक्टोबरात, प्रार्थना झाली, पान्सित वाढून झालं, की गल्ली बसते आणि एक्केचाळीस मिनिटं क्रिसांतोचं गाणं ऐकते. कुणी हसत नाही. त्याला यावं लागतं, नाही आला तर फेलिसिंग स्वतः बोलवायला जाते. "चल इंजिनियर, तुझं गाणं आहे." तो जिन्याखाली, पोरोंगच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी बसतो. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटतो तिथे त्याची मान खाली जाते. स्पर्धेत उभं राहणं त्यानं सोडलंय. दारावरची पाटी मात्र अजून आहे, तेवढी लाज त्याच्याजवळ नाही.

मग तो टेपेत खोकतो, शेवटचं गाणं शेवटपर्यंत म्हणतो, आणि खट्‌ होतं. सगळ्यांचे चमचे थांबतात. पोरोंग छपराच्या पत्र्याबद्दल बोलतो, पाठवलेल्या चपलांबद्दल बोलतो. सात टेपांतले शंभरभर प्रश्न गेले, या चार मिनिटांत एकच उरलाय. इंजिनाची घरघर वाढते आणि तो मोठ्यानं म्हणतो, "इथे फार गोंगाट आहे गं. माझा आवाज येतोय ना तुला?"

आणि तो थांबतो.

"येतोय," फेलिसिंग म्हणते. "बोल."