सुमती आक्काची बस

बसमध्ये बसली की आमची सुमती आक्का आधी शेजारच्याचं नाव विचारायची, मग तो कुठं निघालाय ते, आणि मग कशासाठी. "नाव इचारल्याबिगर शेजारी बसायचं म्हंजे कायतरीच की गं," असं तिचं म्हणणं. ती माझी थोरली मावशी. आई तिला आक्का म्हणायची, म्हणून आम्हीही आक्काच.

चिकोडीच्या जैन घरातली आक्का जांबोटीच्या जंगल भागात शिक्षिका होती. काका गेल्यावर मुलगा महावीर तिला अमेरिकेला घेऊन गेला. ओहायोतलं, नदीकाठचं एक मध्यम शहर. ही तिकडं चार भिंतींत कोंडून जाणार, असं निपाणीत आम्हाला वाटलं. महिन्याभरात तिचा फोन आला, "अगं, हितं बी बस हाय! मी रोज वाचनालयात जातो." आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो' म्हणतात, आक्का ओहायोतही तशीच बोलत राहिली.

फोनवर ती आम्हाला त्या शहराच्या बातम्या पुरवायची. ड्रायव्हर कार्लला नात झाली. शेजारच्या डोरोथीबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. नवा महापौर माणूस चांगला, पण लई भरभर बोलतो.

तिसऱ्या हिवाळ्यात पालिकेनं तो बसमार्ग बंद करायचं ठरवलं. कारण, प्रवासी कमी. लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली होती. आक्का निघाली, तर महावीर म्हणाला, "आई, आपण बाहेरची माणसं. कशाला मधी पडतीस?"

"बाहेरची? त्या बशीत रोज मी बसतो, का तू?"

सभेचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. निळ्या साडीवर जाडजूड कोट घालून आक्का माईकसमोर उभी, आणि फळ्यावर अक्षरं काढावीत तसं तिचं सावकाश इंग्रजी. तिनं जांबोटीची आठवण सांगितली. पावसात बस आली नाही, म्हणून तापानं फणफणलेल्या एका विद्यार्थिनीला तिनं आणि मुलीच्या वडिलांनी आळीपाळीनं उचलून, दिवसभर चालत खानापूरच्या दवाखान्यात नेलं होतं.

"मुलगी जगली," आक्का म्हणाली, "पण तिचं ऐकू येणं गेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवी होती."

मग तिनं बसमधल्या सतरा जणांची नावं घेतली. कोण दवाखान्यात जातो, कोण कामावर, कोण नातवाला आणायला. हातात कागद नव्हता. वेळ संपल्याची घंटा वाजली, पण अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही. "प्रवासी कमी आहेत म्हणता," ती शेवटी म्हणाली, "मग यातला कोण नको, ते सांगा."

बस राहिली, फक्त रविवारच्या फेऱ्या गेल्या. तिथल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आक्काचा फोटो आला. आईनं त्याची रंगीत प्रत काढून गल्लीभर दाखवली. मी कौतुकानं फोन केला, तर आक्का नाराज. "रविवारची गेलीच की! डोरोथीनं चर्चला कसं जायाचं?" पुढच्या रविवारपासून तिनं महावीरला गाडी घेऊन डोरोथीबाईंच्या दारात उभं केलं.

गेल्या वर्षी आक्का झोपेतच गेली. त्या वर्तमानपत्रानं तिच्यावर अर्धं पान लिहिलं. महावीर आम्हाला फोनवर मराठीत वाचून दाखवत होता, "भारतात जन्मलेल्या, आमच्या शहराच्या लाडक्या नागरिक…"

आई डोळे पुसता पुसता एकदम थांबली. "भारतात कुठं?"

"तेवढंच लिहिलंय, मावशी."

"भारत लई मोठा हाय रं. त्यास्नी लिहून कळीव."

महावीरनं त्याच दिवशी संपादकांना पत्र धाडलं. आठवड्यानं आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापून आली : सुमतीबाईंचा जन्म चिकोडीचा. चिकोडीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं. मी ते आईला दाखवलं.

"असू दे," आई म्हणाली, "वाचता येतंय न्हवं?" आणि चष्मा चढवून ते इंग्रजी नाव बोटानं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली.