दत्तारामने दिलेला शब्द

मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोर्कलिफ्ट अडली की पहिली हाक दत्तारामला जाते. मालवणजवळच्या गावातून तो बहारीनला आला तेव्हा त्याचा मुलगा रांगत होता. आता तो कॉलेजात आहे. एवढी वर्षं दत्तारामने घर फोनवरून चालवलं. म्हैस विकायची की ठेवायची, हेसुद्धा इथूनच ठरायचं.

यंदा गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि त्याची बायको रत्नाबाई उभी राहिली. लढत तिरंगी. समोर माजी सरपंचांची सून कस्तुरी आणि बचतगट चालवणारी पूर्णिमा. वरची वाडी जिच्या मागे जाईल ती निवडून येणार, हे उघड होतं. त्या वाडीचे कितीतरी पुरुष इथे बहारीनच्या नईम भागात खोल्या करून राहतात, आणि घरची मतं त्यांच्या फोनवर ठरतात.

शुक्रवारी दत्ताराम तिथे गेला. नळाची पहिली लाइन वरच्या वाडीला, असा शब्द देऊन आला. त्या वाडीतल्या सागरने लगेच घरी फोन लावला. फोन ठेवत तो म्हणाला, “खलास, काका! काम झाला. वाडी तुमची.”

संध्याकाळी दत्तारामने ही खुशखबर घरी सांगितली.

“कोणाक इचारून शब्द दिलात?” रत्नाबाई म्हणाली. “मी देवळात देवाक गाऱ्हाणा घालून सांगलंय, पयली लाइन खालच्या वाडीक. थयल्या बायका अजून डोक्यावरसून पाणी आणतत.”

“अगो, पण पडतलंस!”

“उभी मी रवलंय. पडतलंय पण मीच. सागराक तुमीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर तो पुन्हा नईमला गेला आणि दिलेला शब्द मागे घेतला. ऐकून सागर हसला. “काका, सरपंच वैनी होतली की तुमी?”

खोलीत हशा पिकला.

“ती,” दत्ताराम म्हणाला. “म्हणान तर सांगाक इलंय.”

“मगे वाडी तुमची नाय हां.”

निकाल लागला. पूर्णिमा निवडून आली, रत्नाबाई थोडक्यात मागे राहिली. त्या दिवशी दत्ताराम डबा न उघडताच वर्कशॉपच्या सावलीत फोन घेऊन बसला. रत्नाबाईचा आवाज जरा बसला होता.

“उद्या खालच्या वाडीतल्या बायकांका घेवन पूर्णिमाकडे जातंय,” ती म्हणाली. “लाइन मागूक.”

तिथे काय बोलायचं, कुणाला पुढे करायचं, सगळं दत्तारामच्या ओठांवर आलं होतं.

“तू उद्या काय सांगतलंस तिका?” त्याने एवढंच विचारलं.

ती सांगू लागली.