आधी ठाऊक असलेलं विचार

इंटरनेटवर एखादं नवं टूल सापडलं की बिरादार सर त्याच्याकडे स्थळ बघायला निघाल्यासारखे जात. बनवणारे कोण, कुठले, शेवटचा हात कधी फिरवलाय, सगळं आधी वाचून काढत. मग त्याला मुद्दाम असा प्रश्न टाकत, ज्याचं उत्तर त्यांना आधीच पाठ असे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. उत्तर माहीत आहे तर विचारायचं कशाला?

सर मुखेडकडचे. त्यांच्याकडे सोयरीक ठरवताना मुलाच्या शेजाऱ्याकडे चौकशीला जातात, तेव्हा सुरुवातीला आपल्याला पक्कं ठाऊक असलेलंच विचारतात. भाऊ किती, शेत कुठल्या अंगाला. "तिथंच गडी फेकून राहिला तर पोरगा निर्व्यसनी हाय हे त्याचं सांगणं घिऊन काय करायचं?" सर म्हणत. "आधी ठाऊक असलेलं विचार माय, मग ठाऊक नसलेलं."

नांदेडच्या एका कॉलेजात ते वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक होते. माझा विषय तुरीतले मायक्रोआरएनए. पेशीतले हे अगदी चिमुकले तुकडे, पण भल्याभल्या जनुकांची बोलती बंद करतात. पाण्याचा ताण पडल्यावर तुरीतला एक तुकडा जोरात कामाला लागतो, एवढं मला दिसलं होतं. तो नेमक्या कुठल्या जनुकाला गप्प करतो, ते शोधायचं होतं. त्याचा अंदाज देणारी टूल्स इंटरनेटवर असतात, आणि ती हुडकणं हा तर सरांचा छंदच. लोक सकाळी व्हॉट्सॲपवर सुप्रभातची फुलं पाठवतात, सर लिंका पाठवत. खाली शेरा असे, "फुकट हाय. लॉगिन बी मागत न्हाई."

अशीच एक लिंक त्यांनी लातूरहून पाठवली. नातीच्या बारशाला गेले होते. पाळणा हलवता हलवता मोबाइलवर काय दिसलं कोण जाणे, लिहिलं होतं, "लई भारी हाय, हेच वापर." मी वापरलं. जनुकांची ही लांबलचक जंत्री आली! पहिल्या नंबरचं जनुक मी उचललं आणि प्रयोगाची तयारी केली.

आता अडचण अशी की माझ्याकडे कोरडवाहू शिवारातल्या तुरीच्या पानांचा जो आरएनए उरला होता, तो एकाच प्रयोगापुरता होता. तो वाया गेला तर पुन्हा पानं पुढच्या हंगामात, आणि फेलोशिप तर संपत आलेली. घरचे लग्नाचं विचारून विचारून थकले होते. हा प्रयोग फसला असता तर मी बहुतेक सगळं सोडून दिलं असतं.

सर लातूरहून परतले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "चौकशी केलीस का?"

"सर, तुम्हीच तर पाठवलं होतं."

"म्हणून तर विचारून राहिलो."

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या टूलला पाठ्यपुस्तकातली, आमच्यात पोरासोरांना पाठ असलेली, तुकडा आणि तो गप्प करतो ते जनुक अशी जोडी विचारली. खरं उत्तर जंत्रीत कुठं तरी तळाला सापडलं. सरांनी मग बारीक अक्षरातली माहिती वाचली. टूल प्राण्यांसाठी बनवलेलं होतं! प्राण्यांत थोडासा भाग जुळला तरी भागतं; झाडांत तुकडा जवळजवळ पूर्ण जुळावा लागतो. आम्ही तुरीला चक्क उंदराच्या मापाचे कपडे शिवत होतो. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि सर पोट धरून हसत होते. "घराणं चांगलं हाय, पर आपल्या कामाचं न्हाई," म्हणाले.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. कुठली वेबसाइट मेलेली, कुठली अर्ध्या वाटेत अडकणारी, कुठली नुसती दिसायला देखणी. सर प्रत्येकीला तोच प्रश्न विचारत आणि मान हलवून पुढं जात. शेवटी एक अगदी साधी, जुनाट दिसणारी, पण झाडांसाठीच केलेली वेबसाइट मिळाली. तिनं खरं उत्तर सगळ्यात वर दिलं. मग माझा तुकडा टाकला, तर मोजकीच नावं आली, आणि वरचं जनुक भलतंच निघालं. आधीच्या जंत्रीत ते कुठंच नव्हतं.

उरलेला सगळा आरएनए मी त्याच्यावर लावला. प्रयोगाचा निकाल दाखवणाऱ्या जेलवर पट्टी नेमकी हवी तिथं उमटली, अंदाज खरा ठरला, तेव्हा मी सगळं डिपार्टमेंट डोक्यावर घेतलं. सर मात्र चष्मा काढून पुसत बसले होते. मी विचारलं, आनंद नाही झाला का?

ते म्हणाले, "लई झाला. पर ते पहिलं टूल म्याच गळ्यात मारलं होतं. तुझा नमुना वाया गेला असता तरी तू मला एका शब्दानं बोलली नसतीस. त्याचंच भ्या वाटून राहिलं होतं मला."

खरंच बोलले नसते मी.

सर आता निवृत्त होऊन मुखेडला असतात आणि मी लातूरला शिकवते. परवा भर वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं टूल चुकीचं आहे." तपासलं, तर पोरीचं बरोबर होतं. मी लगेच सरांना फोन लावला आणि तिचं नाव, गाव, सगळं कौतुकानं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

"आता खरी मास्तरीण झालीस बग," सर म्हणाले.